ओळख पुढे जात नाहीये

त्या सोमवारी फोन उचलणं हे त्याचं काम नव्हतंच. हेल्पडेस्कवरच्या ताई चहाला गेल्या होत्या, आणि हा नेटवर्कवाला त्यांच्या टेबलाखाली पालथा पडून केबल बदलत होता. हे तिला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा फक्त एक आवाज ऐकू आला, गुदमरलेला, धुळीने भरलेला.

"हॅलो?"

"अहो, माझं फोल्डर उघडत नाहीये!"

तिच्या आवाजात रडू होतं, आणि ते उगाच नव्हतं. ती वनस्पतींच्या संस्थेत चित्रकार होती. एका पुस्तकासाठी रानगवतांच्या बियांची चित्रं काढायची, तीन वर्षं तेच चाललं होतं. बाबा जिन्यावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. घरात तिसरं कुणी नाही. संपादकबाईंनी नाक मुरडतच घरून काम करू दिलं होतं. "जमलं तर ठीक, नाहीतर पुस्तक दुसऱ्याकडे देईन." आणि आज पहिल्याच दिवशी हे!

"तुम्ही आत्ता नेमक्या कुठे आहात?"

"स्वयंपाकघरात."

"तसं नव्हे..." त्याला हसू आवरेना. "ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शिरलात का?"

"शिरले. तिथवर सगळं सुरळीत. चित्रांच्या फोल्डरवर गेले की म्हणतो, परवानगी नाही. माझीच चित्रं, आणि मलाच परवानगी नाही!"

"ऑफिसात बसून उघडायचं?"

"निमूटपणे."

"मग परवानगीत खोट नाही. तुम्ही घरून पासवर्ड न टाकता, किल्लीच्या फाईलने शिरता ना? त्या किल्लीने ऑफिसचा कॉम्प्युटर तुम्हाला आत घेतो. पण चित्रं असतात दुसऱ्याच सर्व्हरवर. तो विचारतो, कोण आलंय? आणि आपल्या कॉम्प्युटरकडे त्याला दाखवायला काहीच नसतं. थोडक्यात... तुमची ओळख पुढे जात नाहीये."

"माझं नेहमीचंच आहे ते," ती पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

त्याने तिला पुन्हा एकदा हाताने पासवर्ड टाकायला लावला. फोल्डर उघडलं. तिचा जीव भांड्यात पडला.

"हे आजच्यापुरतं हं. बाहेर पडलात की तो पुन्हा विसरेल. उद्या फोन करा, तोवर मी कायमचं काहीतरी बघतो."

मंगळवारी तिने फोन केला. बुधवारीही. गुरुवारी सकाळी नऊ वाजता मात्र फोल्डर आपणहून उघडलं. झटकन, काही न विचारता. ती पडद्याकडे बघत राहिली. खरं तर आनंद व्हायला हवा होता...

सव्वानऊला तिने फोन उचलला. "अहो, आजही नाही हो उघडत."

"अरेच्चा," तो म्हणाला. बस, एवढंच. आणि मग, "आज कोणाचं चित्र?"

"कुसळाचं. कपड्यांत घुसून टोचतं ना, तेच. भिंगाखाली बघा, पीळ असतो त्याला. ओल लागली की पीळ सुटतो, आणि बी गोल फिरत मातीत शिरतं."

"ढकलावं लागत नाही?"

"नाही. त्याचं ते शिरतं."

त्या दिवशी पासवर्ड टाकायचं कुणी नावच काढलं नाही.

असे तीन आठवडे गेले. बाबा पलंगावरून सगळं ऐकत.

"ठमे, फोल्डर दुरुस्त होतंय की बिघडतंय?"

"होतंय हळूहळू."

"तुझे गाल बघून तर वाटतं, पार बिघडलंय."

शुक्रवारी त्याचा आवाज वेगळाच होता. "सोमवारपासून मी इथे नसेन. दुसऱ्या शहरात नवीन सर्व्हर बसवायचेत. वर्षभर."

"मग... माझं फोल्डर?"

"ते उघडेल."

"कशावरून?"

"कारण ते पहिल्या गुरुवारपासून उघडतंय. सर्व्हरवर नोंद राहते. रोज नऊ वाजून पाच मिनिटांनी तुम्ही फोल्डर उघडता. आणि सव्वानऊला मला सांगता, उघडत नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर फोन बंद झाले असते. माझी पाळी दहाची असते. तीन आठवडे नऊला येऊन बसतोय मी."

तिने घाईघाईने फोन ठेवला. कान तापले होते. बाबांनी विचारलं, "काय झालं?" आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तू खोटं बोललीस, आणि तो खरं लपवून बसला. बरोबरीचं आहे की! लाव फोन परत."

तिने लावला. ताईंनी उचलला. "फोल्डरवाल्या ना? देते हं," म्हणाल्या. म्हणजे तिथेही सगळ्यांना ठाऊक होतं!

"हॅलो," तो म्हणाला.

"माझी तक्रार आहे," ती एका दमात म्हणाली. "तुम्ही मला आवडता. आणि तुम्ही निघून चाललाय."

"उद्या... भेटाल?"

"बाबांना सोडून कशी येऊ?"

"त्यालाच बोलव!" पलंगावरून आवाज आला. "मला धरून चालवायला माणूस हवाच आहे!"

शनिवारी तो आला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा बुटका, आणि दारात उभं राहून हातांचं काय करावं हे न कळणारा. मग त्याने बाबांना खांद्याचा आधार देऊन खिडकीपर्यंत नेलं आणि परत आणलं. बाबा दोनदा कळवळले, तीनदा हसले, आणि "मला झोप आलीय" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले.

ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली.

"वर्ष मोठं असतं," तो चपलेने वाळू उकरत म्हणाला. "थांबशील?"

पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं त्याने. तिने त्याच्या बाहीवरचा धाग्याचा तुकडा काढला, आणि मग तो हात तिथेच राहू दिला.

"थांबणं-बिंबणं मला नाही जमणार," ती म्हणाली. "बाबा जिना उतरले ना, की त्याच आठवड्यात मी येतेय. तू फक्त स्टेशनवर ये."