अँब्रोज सडलर यांचं मत

शेरीफ आयझॅक वुडॉल दिवाणखान्यात शिरला तेव्हा अँब्रोज सडलर शेकोटीजवळच्या खुर्चीत होते. डोकं एका बाजूला कललेलं. अंगावर प्रवासाचा कोट, गळ्याशी नीट बांधलेला रुमाल. दुपारची डुलकी घेतायत असं वाटावं. पण दुपार नव्हती, आणि ती डुलकीही नव्हती.

खिडकीतून उपसागराचं पाणी दिसत होतं. अ‍ॅनापोलिसच्या बोटीचं शीड पार लांब गेलं होतं. याच बोटीने सडलरना जायचं होतं.

१८२८चा डिसेंबर. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण हे इलेक्टरांच्या मतांनी ठरणार होतं, आणि मेरीलँड राज्यात प्रत्येक जिल्ह्याने आपापला इलेक्टर, म्हणजे मत देणारा प्रतिनिधी, निवडून दिला होता. या सगळ्यांनी राजधानी अ‍ॅनापोलिसला जमून मतं टाकायची होती. या जिल्ह्याने सडलरना निवडलं ते गादीवरच्या अध्यक्षांना मत द्यायला. विरोधात लष्करातला एक जनरल उभा होता, आणि जनरलची माणसं गावोगाव पेटलेली होती. एकेका मतासाठी डोकी फुटत होती.

डॉक्टर स्पेन्सने मृताची पापणी उचलून दाखवली. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"लॉडनम," तो म्हणाला. "अफूचा अर्क. कपाच्या तळालाही वास आहे."

"तू देत होतास त्यांना?"

"कधीच नाही. त्यांची छाती कमजोर होती, सोसलं नसतं."

"हे घरच्यांना माहीत होतं?"

"बोलायची वेळच आली नाही. त्यांनी कधी मागितलं नाही."

वुडॉल खाली वाकला. सडलरांचा उजवा पाय वाताने सुजलेला असायचा. वीस वर्षांची मैत्री, त्यामुळे त्या पायाचे नखरे वुडॉलला पाठ होते. आता बूट काढून शेकोटीपाशी ठेवले होते. पायावर ताजी पट्टी होती आणि त्यावरून लोकरीची शाल हलक्या हाताने गुंडाळली होती.

बोट गाठायला निघालेला माणूस बूट काढून बसत नाही.

दारात लेव्हिन प्रॅथर उभा होता. तरुण वकील, जनरलच्या पक्षाचा इथला सूत्रधार, आणि सडलरांच्या एकुलत्या मुलीचा, कीझायाचा होणारा नवरा. होणारे सासरे-जावई राजकारणावरून भांडत, मग एकत्र जेवायला बसत. गावाला त्याची गंमत वाटायची.

"कॉफी कोणी केली, शेरीफ?" प्रॅथरने विचारलं.

"डॉर्कसने."

"मग शोधताय काय? गुलामांनी मालकाला विष घालणं काही नवं नाही."

तासाभरात धक्क्यावर माणसं जमली. कुणीतरी फाशीच्या दोराची भाषा केली. वुडॉलने डॉर्कसला तुरुंगात आणलं, ते निम्मं तिला वाचवण्यासाठीच.

डॉर्कस पन्नाशीची होती. कीझायाची आई बाळंतपणात गेली तेव्हापासून त्या मुलीला तिनेच वाढवलं होतं. ती बाकावर ताठ बसली, हात मांडीवर.

"कॉफी तू केलीस?"

"रोज मीच करते, साहेब."

"कप नेऊन कोणी दिला?"

तिने मांडीवरचा झगा सारखा केला.

"तू खोलीत परत कधी गेलीस?"

"कोंबड्यांना दाणे घालून आल्यावर."

"काय पाहिलंस?"

"साहेब, माझी साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात चालत नाही. मग मला विचारता कशाला?"

"मला कळावं म्हणून."

"तुम्हाला कळून काय होणार? ते घर मोडलं की घरातली माणसं विकायला काढतील. माझा मुलगा सिम आहे त्या घरात. त्याला दक्षिणेत कापसाच्या मळ्यात पाठवतील." ती भिंतीकडे बघत राहिली. "मी म्हातारी आहे. मला लटकवलंत तर घर राहील."

वुडॉलला पुढे काही विचारवेना. पण ती जे बोलली नव्हती ते त्याला ऐकू आलं होतं. 'गोऱ्या माणसाविरुद्ध.'

बोट अ‍ॅनापोलिसला गेली असली तरी तिचा धक्क्यावरचा मुकादम, टबमन हिक्स, इथेच होता. जाळं विणत बसला होता.

"सडलरांसारख्या माणसाला न घेता बोट सोडलीत? कोणी घरी जाऊन दारसुद्धा वाजवलं नाही?"

"सांगून ठेवलं होतं ना. प्रॅथरसाहेब काल संध्याकाळी आले होते. म्हणाले, म्हाताऱ्याची वाट बघू नका, ओहोटी लागली की सुटा. ते येणार नाहीत."

"आज पहाटे धक्क्यावर कोण कोण होतं? जनरलची माणसं, बंदुका घेऊन कोणी?"

हिक्स हसला. "बंदुका? बायका केक घेऊन आल्या होत्या म्हाताऱ्यासाठी. बँडवाले होते. सगळे थांबून थांबून घरी गेले."

वुडॉल तिथून सरळ सडलरांच्या घरी गेला. कीझाया आणि प्रॅथर दिवाणखान्यात होते. बावीस वर्षांची मुलगी एका दिवसात वाळल्यासारखी दिसत होती. प्रॅथरचा हात तिच्या खांद्यावर होता.

"पोरी, तू सकाळी खाली कधी आलीस?"

"सांगितलं ना काका. उशिरा. आले तेव्हा बाबा असेच होते."

"मग पायाची पट्टी कोणी बदलली?"

तिने खाली बघितलं.

"अँब्रोज त्या पायाला कोणाला हात लावू देत नसे," वुडॉल म्हणाला. "डॉक्टरलाही नाही. मला एकदा काठी बसली होती. बूट काढायचा तर तूच, पट्टी बांधायची तर तूच. आज पट्टी ताजी आहे, आणि शाल तुझी आहे."

"दुःखात असलेल्या मुलीला छळताय तुम्ही," प्रॅथर म्हणाला.

"तुझ्याकडे येतोच आहे. सडलर येणार नाहीत हे तुला काल संध्याकाळी कसं कळलं?"

"तब्येत बरी नव्हती त्यांची."

"काल रात्रीचं जेवण माझ्याकडे झालं त्यांचं. ताटभर कालवं खाल्ली, वर भोपळ्याचं गोड पक्वान्न. माझ्या बायकोला अ‍ॅनापोलिसहून रिबन आणायचं कबूल करून गेले. तब्येत उत्तम होती."

 वुडॉल खुर्ची ओढून कीझायासमोर बसला. आवाज खाली आला.

"मी काय झालं असेल ते सांगतो. चुकलं तर थांबव. ज्याला मारायचं आहे त्याचे बूट कोणी काढून शेकोटीशी ठेवत नाही, पाय उबदार राहावेत म्हणून शाल गुंडाळत नाही. ज्याने हे केलं त्याला अँब्रोज जागा व्हायला हवा होता. फक्त बोट सुटल्यावर. म्हणजे झोपेचं औषध देणाऱ्या हाताला ते विष आहे हे ठाऊक नव्हतं. घरात लॉडनम नव्हतं, डॉक्टरने कधी दिलंच नाही. ते बाहेरून आलं, आणि ज्याने आणलं त्याला बोट सडलरांवाचून जाणार हे आदल्या दिवशीच माहीत होतं. एवढं मला कळलं. एकच कळत नाही. तू बापाला का अडवलंस? अध्यक्ष कोण होतो याचं तुला कधी काही पडलं नव्हतं."

कीझायाचे ओठ हलले. "ते त्यांना गोळी घालणार होते."

"कोण?"

"धक्क्यावर. बंदुका घेऊन दबा धरून बसणार होते. लेव्हिन म्हणाला, माझी माणसं माझ्या हाताबाहेर गेलीत. म्हणाला, म्हातारा ऐकायचा नाही, त्याला सकाळभर झोपवलंस तरच वाचेल."

"धक्क्यावर बँडवाले होते, पोरी. आणि केक घेतलेल्या बायका."

"म्हणजे कोणीच नव्हतं?"

"कोणीच नव्हतं."

तिने प्रॅथरचा हात खांद्यावरून उचलला आणि बाजूला केला, एखादी पडलेली वस्तू उचलावी तसा. मग ती त्याच्याकडे वळली.

"सगळी बाटली घालायची, असं तू म्हणालास."

"माझ्या आईच्या दुखण्याचं औषध होतं ते," प्रॅथर वुडॉलला म्हणाला, तिला नाही. "ती रोज घेते. मला काय माहीत त्यांच्या छातीचं? एका मताचा प्रश्न होता. एक मत कमी झालं असतं, बस. कोणाला मारायचं नव्हतं मला."

"आणि डॉर्कसला?" वुडॉल म्हणाला. "तिचं नाव पहिलं तू घेतलंस."

प्रॅथरने टेबलावरची आपली टोपी उचलली.

"बाबा कॉफी पिताना म्हणाले, आज लवकर उठलीस," कीझाया म्हणाली. "खूश झाले होते. मी त्यांना निरोप द्यायला उठले असं वाटलं त्यांना."

ती स्वतःच उठली, टोपी घातली आणि वुडॉलच्या पुढे चालत तुरुंगापर्यंत गेली.

डॉर्कस त्याच दिवशी सुटली. दारात त्या दोघी समोरासमोर आल्या. कीझायाने तिचे हात धरायला हात पुढे केले. डॉर्कसने ते क्षणभर धरले आणि ती बाहेर पडली.

अ‍ॅनापोलिसला बाकीच्या इलेक्टरांनी मतं टाकली. निकाल जो लागायचा होता तोच लागला. जनरल दणक्यात जिंकला. सडलरांचं मत पडलं असतं तरी काही फरक पडला नसता.

वसंतात दोघांवर खटला झाला. ज्युरीने कीझायाला काही वर्षांची कैद दिली. प्रॅथरने नुसतं औषध दिलं, पाजलं नाही, असं त्याच्या वकिलाने पटवून दिलं आणि तो सुटला. त्याच्याशी गावात कोणी बोलेना, तेव्हा तो पश्चिमेकडे निघून गेला.

बाल्टिमोरहून सडलरांचा चुलतभाऊ आला आणि त्याने घर बंद करून माणसं विकायला काढली. वुडॉल त्याच्याशी तास तास बोलला. डॉर्कसच्या मुलाला गावातच कोणाला तरी वीक, म्हणाला. तो माणूस सभ्यपणे ऐकून घेत राहिला.

सिमला दक्षिणेकडे नेलं त्या सकाळी डॉर्कस रस्त्यावर उभी होती. गाडी वळणाआड गेली. वुडॉल तिच्याजवळ जाऊन थांबला, टोपी हातात.

"मी खरं शोधायला नको होतं, असं वाटतं का तुला?"

ती रस्त्याकडेच बघत होती.

"खरं काय ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं, साहेब," ती म्हणाली. "ते शोधणं तुमच्यासाठी होतं."

मग तिने पदरासारखी पांघरलेली गोधडी आवळून घेतली आणि नव्या मालकाच्या घराकडे चालू लागली.