मुलगा तयार नाही

विजेचा भोंगा वाजला आणि मैदान रिकामं झालं. मी सोडून.

सिंगापुरात वीज जवळ आली की मैदानावर भोंगा वाजतो, आणि खेळाडू, पंच, प्रेक्षक सगळे मुकाट्यानं छपराखाली पळतात. मलाही पळायचं होतं हो! पण ट्रायपॉडचा स्क्रू अडकला होता आणि कॅमेरा ऑफिसचा होता. मी स्क्रूशी झटापट करत असताना चिखलानं माखलेला एक मुलगा धावत आला, ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट खांद्यावर टाकला आणि सुसाट सुटला.

"अहो! अहो, माझा कॅमेरा! थांब मेल्या!"

छपराखाली पोचल्यावर त्यानं कॅमेरा अलगद बाकावर ठेवला, केसांतलं पाणी झटकलं आणि माझ्याकडे वळून मिस्कील हसला.

"अहो पण आणि मेल्या पण? एक काहीतरी ठरव, लाह."

शेवटचं 'लाह' इथल्या सिंगापुरी बोलीतलं, पण बाकी सगळं मराठी! मी थिजलेच. "तुम्हाला... मराठी येतं?"

"घरी चालतं. आईला दुसरं बोललं तर ती ऐकू येत नाही म्हणते." त्यानं पाय उचलून दाखवला. "बघ ना, माझी बूट ओली झाली."

"माझे बूट ओले झाले."

"तुझे पण? सॉरी!"

मी हसले. खूप हसले. मग तो टॉवेल घ्यायला पाठमोरा झाला, पाठीवरचा दहा नंबर दिसला, आणि माझं हसू तिथेच थांबलं. ह्याच दहा नंबरसाठी तर मी आले होते.

तर माझं काम सांगते. मी क्षिप्रा, पुण्याची, संख्याशास्त्रात एमएस्सी. पाया लेबारला आमचं छोटंसं ऑफिस आहे, तिथे आम्ही फुटबॉल क्लबांसाठी खेळाडूंचे सामने चित्रित करतो आणि पास, धाव, चूक सगळं मोजतो. एका व्यावसायिक क्लबला युनिव्हर्सिटीच्या संघातला हा मुलगा घ्यायचा होता. दहा नंबर म्हणजे मधल्या फळीतला सूत्रधार, सगळा खेळ त्याच्या पायातून जातो. कॉलेजात तो राजाच होता हो! पण कॉलेजातला राजा पगारी खेळाडूंपुढे टिकेल का, हे मी चार सामने पाहून सांगायचं होतं. रिपोर्टच्या शेवटी दोनच चौकटी असतात. तयार. तयार नाही.

त्याचं नाव सारंग. सेम्बावांगला राहायचा, वडील, चंद्रशेखरकाका, तिथल्याच शिपयार्डमधून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीनं त्याला नोकरी देऊ केली होती आणि चार मेच्या शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

"क्लबनं घेतलं तर नोकरीला नाही म्हणणार," दुसऱ्या सामन्यानंतर हॉकर सेंटरमध्ये, मैदानाजवळच्या खाण्याच्या गाळ्यांवर, तो म्हणाला. "सहा वर्षांचा असल्यापासून हेच हवंय मला. बाबांना अजून सांगितलं नाही." मग खाली वाकून माझ्या डोळ्यांत बघत, "तू काय लिहिणार?"

"ते सांगायचं नसतं."

"हिंट?"

"कॉफी थंड होतेय."

"ही हिंट आहे?"

"ही कॉफी आहे."

तो खळखळून हसला आणि माझ्या ताटलीतली सातेची, म्हणजे भाजलेल्या चिकनची, शेवटची काडी उचलून मोकळा झाला. "मला भूक आली होती."

"भूक लागते रे. येत नाही."

"मला येते. तू आलीस की येते."

अगं बाई! बोलायला काही शिकवावं लागत नव्हतं हं याला. कान तापले माझे. मी उगाच वहीत बघत बसले, आणि वहीत काय होतं? त्याचीच आकडेवारी.

घात त्या आकडेवारीनंच केला. तिसऱ्या सामन्यात लक्षात आलं, चौथ्यात पक्कं झालं. मोकळा असला की सारंग स्वप्नासारखा खेळायचा. पण दोन जण एकदम अंगावर आले की बारातल्या अकरा वेळा चेंडू डावीकडेच. उजवीकडचा गडी हात हलवून दमायचा, हा बघायचासुद्धा नाही. कॉलेजात ते खपून जातं. पगारी खेळाडूंच्या लीगमध्ये तिसऱ्या सामन्याला सगळ्यांना कळलं असतं, चौथ्याला हा बाकावर बसला असता आणि वर्ष संपायच्या आत क्लबनं नारळ दिला असता.

मी ती टेप पुन्हा पाहिली. मग पुन्हा. कामासाठी चार सामने पुरे असतात. मी ते सगळे इतक्या वेळा पाहिले की शेवटी स्वतःपाशी कबूल करावंच लागलं, मी पास मोजत नव्हते. त्याला बघत होते.

झालं! आता काय लिहायचं? 'तयार'वर खूण करायला अर्धा सेकंद पुरला असता. त्याला हवं ते मिळालं असतं, मला तो खूश दिसला असता. आणि सहा महिन्यांनी? सोमवारी मी सरळ आमच्या साहेबांकडे, शैलेंद्र सरांकडे गेले आणि म्हटलं, "सर, रिपोर्ट लिहिलाय. पण मला हा मुलगा आवडतो, म्हणून दुसऱ्या कुणीतरी तपासावा."

सरांनी चष्मा काढून मला नीट न्याहाळलं. "आवडतो, तरी 'तयार नाही'?"

"म्हणूनच तर."

दुसऱ्या दिवशी एक मे. सुट्टी, आणि महाराष्ट्र मंडळाचं जेवण. मी पानावर बसणार एवढ्यात सरांचा फोन. निशिकांतनं, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात कडक माणसानं, टेपा तपासल्या होत्या. त्याचंही मत तेच. "क्लबला कळवायचं ना?" सर विचारत होते. हॉलमध्ये ही गर्दी! मी एका कानात बोट घालून ओरडले, "हो सर! मुलगा तयार नाही! गुणी आहे हो, पण एवढ्यात नकोच. वर्षभर थांबू!"

मागे वळले तर श्रीखंडाची वाटी घेऊन सरोजिनीकाकू उभ्या. सारंगची आई. सामन्यांना डबा घेऊन यायच्या, त्यामुळे आम्हा दोघांना हॉकर सेंटरमध्ये हसताना त्यांनी दोनदा पाहिलेलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"खा गं पोरी," म्हणत त्यांनी सगळं श्रीखंड माझ्याच पानात उपडं केलं. "कुठे कमी आहेस तू? मुलांना मेलं कळतच नाही काही. बघते मी त्याच्याकडे."

मला काही म्हणजे काही कळलं नाही. श्रीखंड छान होतं, मी खाल्लं.

बुधवारी दुपारी सारंग थेट आमच्या ऑफिसखाली येऊन उभा.

"आईनं मला काल जेवायला दिलं नाही," तो म्हणाला. "म्हणते, एवढी चांगली मुलगी, आणि तू नाही म्हणालास? बिचारी फोनवर सांगत होती, मुलगा तयार नाही, वर्षभर थांबायचं म्हणतो."

कर्म माझं! लग्नाच्या बोलण्यात हेच शब्द असतात की! मी कपाळावर हात मारला. हसूही येत होतं... पण तो हसत नव्हता.

"मी आईला सांगितलं, मी कधी नाही म्हटलं? क्षिप्रानं विचारलंय कुठे मला?" तो एकदम थांबला. "आणि मग मला समजलं. तू कशाबद्दल बोलत होतीस ते."

"सारंग, ऐक—"

"एक खूण, क्षिप्रा. एक खूण केली असतीस तर..."

"तर तुला वर्षात काढून टाकलं असतं! मी ते बघू शकले नसते." मी पर्समधून सीडी काढली. सरांना विचारूनच आणली होती. "चारही सामने आहेत. दोघं अंगावर आले की तू काय करतोस, तेवढंच बघ. आणि रिपोर्टमध्ये चौकटीखाली मी अर्धं पान लिहिलंय. वर्षभर राखीव संघात घ्या, संध्याकाळचा सराव द्या, हा मुलगा घडेल, असं."

त्यानं सीडी घेतली. एमआरटी स्टेशनच्या दिशेनं चालू लागला. एकदाही वळून पाहिलं नाही. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? भर पाया लेबारमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत.

गुरुवार गेला. फोन नाही, मेसेज नाही. माझी फ्लॅटमेट नीता म्हणाली, "खरं बोलायची हौस, भोग आता." मैत्रीण आहे की वैरीण!

शुक्रवारी सहाला मी खाली उतरले तर बाहेर धो धो पाऊस, आणि खांबाला टेकून सारंग. शर्ट भिजलेला, हातात लिफाफा.

"चौदातले तेरा," तो म्हणाला.

"काय?"

"तू बारातले अकरा लिहिलेस. मी मोजले. चौदातले तेरा. दोन वेळा तू सोडून दिलंस मला." तो ओशाळून हसला. "उजवीकडे तो विश्वास खेळतो ना, तो दोन वर्षं ओरडतोय माझ्या नावानं. मला वाटायचं उगाच ओरडतो. काल त्याला बोलावून सॉरी म्हटलं."

त्यानं लिफाफा माझ्या हातात दिला. क्लबचं पत्र होतं. राखीव संघ, एक वर्ष, सराव रोज संध्याकाळी सातला.

"हार्बरफ्रंटला सकाळीच हो म्हणून आलो. दिवसा जहाजं, संध्याकाळी फुटबॉल. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कुणी शहाण्या माणसानं लिहिलेला दिसतोय रिपोर्ट." तो जवळ आला. पावसाचा आवाज इतका होता की जवळ यावंच लागत होतं... निदान मी तरी तसंच धरून चालले. "जुलैपासून सामने आहेत. येशील ना कॅमेरा घेऊन? या वेळी मला सूट देऊ नकोस. एकही."

"मी नाही येणार."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "का?"

"तुझी फाइल मी निशिकांतला देऊन टाकली. कायमची."

"पण का? रागावलीस?"

"नियम आहे माझा." आता मागे हटायचं नव्हतं. "आपल्या माणसाचा रिपोर्ट आपण लिहायचा नसतो."

त्याच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले, शब्द मनात उलटून पालटून बघत होता बिचारा. सेम्बावांगचं मराठी, वेळ लागतोच.

"आपलं माणूस... म्हणजे..."

"आईला विचार," मी म्हटलं.

त्यानं खरंच फोन काढला. आणि लावला! मी "अरे, अरे" करत हात धरला तरी पठ्ठ्यानं विचारलंच, "आई, मुलगी मुलाला 'आपलं माणूस' म्हणाली तर मुलानं काय करायचं असतं?"

काकूंचा आवाज त्या पावसातही मला स्वच्छ ऐकू आला. "अरे गाढवा, आधी फोन ठेव!"

त्यानं फोन ठेवला. त्याचा हात मी धरलेलाच होता, तो आता त्यानं सोडू दिला नाही.