डहाळा आणि भाकरी

टेम्पो वाघेवाडीच्या आरोग्य केंद्रापुढे थांबला, तेव्हा पटांगणात निम्मी धनगरवस्ती सकाळपासून बसून होती. बायकांनी पोरांचे दंड साबणाने घासून आणले होते. डॉ. शर्वाणी निकमने पहिला खोका स्वतः फोडला. त्यात लस नव्हती, चाहूलपेटी होती. दुसऱ्यातही तेच. चाळीसच्या चाळीस खोक्यांत चाहूलपेट्या, आणि सोबत एक पत्र: जगाला वेळेवर सावध केल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

चाहूलपेटीचं वाघेवाडीला नवल नव्हतं. बुटांच्या खोक्याएवढं एक यंत्र दीड वर्षापासून केंद्राच्या भिंतीवर होतं. ते हवा ओढून घेई, तिच्यातल्या विषाणूंच्या जनुकांची लिपी वाचून काढी, आणि आजवर कुठेच न आढळलेली लिपी दिसली की लाल दिवा लावी. बातमी आपणहून पाठवायची मात्र त्याला मुभा नव्हती. तिथे डॉक्टरचा अंगठा लागायचा. पेटी देताना श्रीमंत देशांच्या संघाने कबूल केलं होतं, की जो आधी कळवील त्याला औषधही आधी मिळेल.

चार महिन्यांपूर्वी तो दिवा लागला. मेंढरांतून माणसांत आलेला ताप होता. वस्तीवरचे तिघे दगावले, तानूबाई कोकरे तेवढी बचावली. लस करायची तर तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं हवी होती. लांडग्याला काठीने हाकलणारी तानूबाई सुईला मात्र भ्यायची.

"ह्यातूनच लस होणार आहे, मावशी," शर्वाणी म्हणाली होती. "आपण जगाला सावध करायचं, म्हणून लस आधी आपल्याला. पहिली सुई तुमच्या कमळला. माझा शब्द."

कमळ तिची सून, पाच महिन्यांची पोटुशी. तानूबाईने हात पुढे केला.

"म्हंजी आमच्या डहाळ्यागत की," ती म्हणाली. "कळपात रोग शिरला की आमी वाटंवर लिंबाचा डहाळा बांधतो. मागून येनारा त्यो बघतो आन् वाट बदलतो. पन जाताना दगडावर भाकरी ठिवून जातो. त्या दिसांत आमची चूल कुनी पेटवायची?"

शर्वाणीला ते फार आवडलं होतं. त्याच आनंदात तिने पेटीवर अंगठा टेकवला.

सहा तासांत चौदा देशांनी विमानं बंद केली. दुसऱ्या दिवशी लोकर घ्यायचं थांबवलं, आठवड्याच्या बाजारात मेंढराला कुणी हात लावीना. लस महिन्याभरात तयार झाली. विज्ञान कुठेच कमी पडलं नाही. पण ज्या देशांत एकही रोगी नव्हता, त्यांनी पहिल्या आठ महिन्यांची सगळी लस आपल्यासाठी राखून ठेवली. खबरदारी म्हणून! शर्वाणी रोज फोन करायची. संघाच्या कार्यालयातली बाई रोज तितक्याच गोड आवाजात सांगायची, की तुमचा क्रमांक लागलेला आहे.

कळवल्यापासून तिसऱ्या महिन्यात त्याच तापाने कमळ गेली, पोटातल्या बाळासकट. दुसऱ्याच्या घरचं आश्वासन आपण आपला शब्द म्हणून वाटत सुटलो, ही चूक शर्वाणीला त्या दिवशी कळली. तेव्हापासून ती तानूबाईच्या घरावरून जायचं टाळत होती.

काल संघाने चाळीस खोके धाडल्याचं कळवलं, तेव्हा सगळ्यांनी ती लसच धरली होती. आज पटांगण हळूहळू रिकामं झालं. तानूबाई तेवढी पायरीवर बसून राहिली.

"काय हाय खोक्यांत?"

"पेट्या आहेत. रोग हुडकायच्या."

"म्हंजी अजून डहाळंच धाडलं," तानूबाई म्हणाली.

शर्वाणी खोके पुन्हा बंद करू लागली. तेवढ्यात भिंतीवरच्या जुन्या पेटीचा दिवा लाल झाला. तोच ताप होता, पण विषाणूने रूप पालटलं होतं. जुनी लस त्याला पुरी पडणार नव्हती. पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिलीत अंगठा मागितला होता. दुसरीत लिहिलं होतं, बचावलेल्या रुग्णांचे रक्तनमुने तातडीने पाठवा.

शर्वाणीने दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. तिचा हात जागचा हलला नाही.

"मावशी, तुम्हीच सांगा. काय करू?"

तानूबाईने दिव्याकडे बोट केलं.

"डहाळा बांधा. भाकरी न ठिवनाऱ्यासाठी बी आमी बांधतोच. त्याच्या मेंढरांचा काय गुन्हा?" मग ती गुडघ्यांवर हात टेकत उठली. "रगात मातुर न्हाई, डाक्टरीनबाई. माझं न्हाई आन् वस्तीवरच्या कुनाचंच न्हाई. तसं ठरलंया आमचं."

ती निघून गेली. तिला थांबवायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, हे शर्वाणीला ठाऊक होतं.

तिने अंगठा टेकवला. पहिली ओळ पुसली गेली. दुसरी तशीच लुकलुकत राहिली. समुद्रापलीकडच्या एखाद्या शहरात याच वेळी कुणाची तरी सून पाच महिन्यांची पोटुशी असेल. तिलाही लस हवी असेल, आणि वाघेवाडीच्या रक्ताशिवाय ती होणार नाही. त्या सुनेने विचारलंच, की रक्त होतं तर दिलं का नाही, तर तिला काय सांगायचं?