शेषरावाला आणायला गेलेली गाडी

आगगाडी अजून अकोल्यापर्यंत पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावती-अकोला रस्त्यावर गाड्यांची रांग तुटत नसे. त्या दिवसांत, माघातल्या एका सकाळी, मूर्तिजापूरकडच्या लहानशा गावात जमुना आपली गाडी जुंपत होती.

शेजारच्या ओट्यावर म्हातारी मनकर्णा गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. तिच्या मुलाला, शेषरावाला, दुसऱ्या दिवशी अकोल्यात फाशी व्हायची होती. गावात दहा गाड्या होत्या, पण खुन्याच्या आईला न्यायला एकही निघाली नाही. निघाली ती जमुना. आणि शेषरावानं मारलं होतं ते जमुनेच्याच नवऱ्याला.

"जमुने, तू काहून येतं वं?" म्हातारी म्हणाली. "लोक काय म्हनतीन तुले?"

"माह्या बाळंतपणात लोकायनं नाई, तुमी मले न्हाऊ घातलं. चढा गाडीत."

जमुनेचा नवरा खुशालराव आणि शेषराव लहानपणापासूनचे जिवलग. गाड्याही संगंच हाकायचे. दिवाळीनंतर दोघं कापूस भरून अकोल्याला निघाले आणि वाटेतल्या नाल्यात शेषरावाचा बैल चिखलात बसला. मागच्या गाड्या ओरडत होत्या. शेषराव बैलाला तुतारीनं, टोकाला खिळा लावलेल्या काठीनं, टोचू लागला, बैलाच्या पाठीतून रक्त आलं, तेव्हा खुशालनं त्याच्या हातातून तुतारी हिसकली आणि मोडून टाकली. शेषरावानं गाडीची उभारी, बाजूचा जाड लाकडी दांडा, उपसली. तीन घाव. मग त्यानंच मित्राला गाडीत निजवलं, परत गावात आणलं, जमुनेच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वयनी, म्या मारला." साहेबाच्या कचेरीतही त्यानं तेच सांगितलं.

भर दुपारी गाडी त्या नाल्याशी आली. वारा पडला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि असं कधी होत नसे. गुलब्या आणि बांड्या, खुशालनं पोसलेले ते बैल, पाण्याच्या काठाशी थांबले आणि थरथरू लागले. जमुनेनं हाका मारल्या, शेपट्या पिळल्या. बैल हलेनात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या सकाळच्या आत पोचलो नाही, तर ही माय लेकाचं तोंड कधी पाहणार?

तेव्हा तंबाखूचा आणि करडीच्या तेलाचा वास आला. बैलांच्या कानांशी कोणीतरी हळूच बोललं, "चाला, बापहो... चाला."

खुशाल बैलांना असंच म्हणायचा. बैलांनी कान टवकारले, अंगावरचा काटा गेला, आणि गाडी अलगद पाण्यातून पार झाली. जमुना गारठून बसली होती. भीती वाटत होती, आणि हा आवाज थांबू नये असंही वाटत होतं.

"खुशाल होता नं?" मागून मनकर्णा म्हणाली. "माह्यावर रागावला त नाई वाटे."

संध्याकाळी तुरुंगाच्या दाराशी शेषरावाला बाहेर आणलं. बेड्यांसकट तो आईच्या पायांवर पडला. तिनं त्याचं तोंड, कान, खांदे, सगळं हातांनी चाचपून पाहिलं आणि गाठोड्यातली ज्वारीची भाकर त्याला भरवली.

"गाडी कोणं हाकली, माय?"

"जमुनेनं."

तो बराच वेळ मान खाली घालून रडला. मग म्हणाला, "वयनी, खुशाल येते माह्याकडं. काल आला, माह्या घोंगडीवर बसला. म्हने, भेऊ नको, मी येतो घ्याले." मग तो कुजबुजला, "दोन घाव म्या रागात मारले. तिसरा... तिसऱ्याच्या वक्ताले माहा हात माहा नव्हता, वयनी. नाल्यात आमच्या दोघाइबिगर आनखी कोनीतरी होतं..."

शिपायानं साखळी ओढली.

सकाळी लोक जमले होते. जमुनेनं म्हातारीचं डोकं आपल्या छातीशी घट्ट धरलं आणि दोन्ही कान झाकले. मग जमुनेनं शिपायांपुढं हात जोडले आणि प्रेत मागून घेतलं. ज्या माणसानं तिचं कुंकू पुसलं, त्याला तिनं नवऱ्याच्या घोंगडीत गुंडाळलं आणि गाडीत निजवलं. मनकर्णा मागच्या बाजूला, मागं सुटणाऱ्या रस्त्याकडं तोंड करून बसली. लेकाचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

परतीला बैलांना हाकावं लागलं नाही. ऊन स्वच्छ होतं, दोन्ही अंगांना फुटलेला कापूस पांढरा दिसत होता. जमुनेला वाटलं, आता सुटले दोघं. नाला आला, बैल न बिचकता उतरले आणि वर चढले.

त्यानंतर गाडीमागून पावलं ऐकू येऊ लागली. जड पावलं, चिखलातून एकेक उपसून काढल्यासारखी. जमुनेचा जीव भरून आला.

"या," ती पुटपुटली. "दोघंबी संगंच घरी या."

उत्तर आलं, पण मागून नाही. समोरून, बैलांच्या शिंगांजवळून, अगदी हळू.

"जमुने... मागं पाहू नको. आमी दोघंबी इकडं समोर हाओ."

तिनं कासरा घट्ट धरला. पावलं जवळ आली, गाडीच्या अगदी पाठीशी. म्हातारीला सावध करायला तिनं तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. मागं मनकर्णेचा मायेनं भरलेला आवाज तिला ऐकू आला.

"कितीक चालतं, बापा? थकला असशीन... ये. बस गाडीत."

आणि मागून जड ओझं चढावं तशी गाडी एकदम मागं उलाळ झाली. जू बैलांच्या मानांवरून वर उचललं गेलं.