फुलदाणीतला संत

बाजारातून घरी आले, तर एक लाल केसांचा उंच माणूस बैठकीत उभा, आणि त्याच्या हातात आमचा लाकडी संत अंतोनियो! फुलदाणीत डोकं खाली, पाय वर असलेला संत त्याने उपसून काढला, बाहीने पुसला आणि कपाटावर सरळ उभा केला.

"पडला होता," तो अडखळत म्हणाला.

काय सांगणार कपाळ? मुलीचं लग्न जमत नसलं की मेक्सिकोत, आमच्या क्वेर्नावाकात, सगळ्याच आया संत अंतोनियोला उलटा करतात. नवरा पाठवेपर्यंत त्याची सुटका नाही. माझी सव्विशी उलटली आणि आईने धीर सोडला.

"हे ब्रदर फिंटन, आयर्लंडचे," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "पावसाळाभर आपल्याकडे राहून स्पॅनिश शिकणार. मग बोलिव्हियाला जाऊन पाद्री होणार."

पाद्री. म्हणजे जन्मभर एकटा. हे मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं — अगदी नीट ऐकलं होतं.

तो स्पॅनिशच्या शाळेत गेला की मी संताला उलटा करायची. संध्याकाळी बघावं, तर स्वारी पुन्हा सरळ! शाळेत त्याला पाप, पश्चात्ताप, स्वर्ग असे सगळे शब्द शिकवत, पण साधे टोमॅटो मागता येत नव्हते. म्हणून दुपारी ओसरीत वाटाणे सोलता सोलता मीच शिकवायला बसले.

"मी भाजीवाली. बोला, काय हवं?"

"टोमॅटो. किती सुंदर आहेत!"

"अहो, असं म्हणतात का? नाक मुरडा. महाग म्हणा आणि चालायला लागा!"

"आणि तुम्ही मागून हाक मारली नाहीत तर?"

"मारीन ना..."

त्याने वर पाहिलं. कौलांवरून पाऊस ओघळत होता. वाटाण्यांत त्याची बोटं माझ्या बोटांना लागली — आणि त्याने ती लगेच काढून घेतली नाहीत.

झालं. मी पुरती बुडाले.

पाऊस सरत आला तेव्हा एके दुपारी तो म्हणाला, "एलोदिया, तिकडे लोक माझ्यापुढे पापं कबूल करतील. मला त्यांचं बोलणं कळेल का... सराव कराल?"

वेताच्या पडद्यामागे तो बसला, अलीकडे मी.

"बोल, मुली," तो पाठ केलेल्या सुरात म्हणाला.

"फादर, माझं एका माणसावर प्रेम आहे. त्याने स्वतःला देवाला देऊन टाकलंय."

पलीकडे खुर्ची करकरली.

"त्याला... माहीत आहे?"

"कसं असणार? नवरा मिळावा म्हणून मी संत उलटा करते, आणि तो मेला रोज सरळ करतो!"



"म्हणून उलटा असतो तो?" आता सूर पाठ केलेला नव्हता. "मग त्या माणसाने काय करावं?"

"राहावं."

"त्यालाही राहावंसं वाटतं, एलोदिया. फार वाटतं... पण त्याने शब्द दिलाय. तो जाईल."

"मग मला प्रायश्चित्त काय?"

"तुम्हाला नाही," तो म्हणाला. "ते त्याला."

निघायच्या दिवशी तो पिशवी घेऊन बैठकीत आला. संत फुलदाणीत उलटाच होता. सवयीने त्याचा हात पुढे गेला... आणि मध्येच थांबला.

"राहू दे," तो म्हणाला. "तुम्हाला चांगला माणूस मिळो."

एका शब्दावरही अडखळला नाही. इतकं छान मीच शिकवलं होतं. तो दारातून चालायला लागला. माझ्या घशात हाक आली, पण मी मारली नाही. मारली असती, तर तो वळला असता. आणि वळूनही गेलाच असता.

बस गेल्याचा आवाज आला तसा मी संत बाहेर काढला, बाहीने पुसला, सरळ उभा केला.

"अगं, हे काय?" आई दारात आली. "अजून नवरा कुठे मिळालाय?"

"संताने पाठवला होता, आई," मी म्हटलं. "त्याला इथेच ठेव, असं संताला सांगायला आपण विसरलो."

आईला कळलं, आणि पिठाचे हात न धुताच तिने मला जवळ घेतलं.