सगळ्या मार्गांचे पास

गणिताच्या बाई निवृत्त झाल्या होत्या, पण आकडेमोड काही सुटली नव्हती. स्टेशनातल्या बसपासच्या खिडकीपुढे त्या दहा मिनिटं तक्ता वाचत उभ्या राहिल्या. एका दिवसाचा, तीन दिवसांचा, दहा फेऱ्यांचा. मागची रांग चुळबुळत होती. शेजारी धाकटा भाऊ उजवी मूठ खिशात लपवून उभा होता. तो घड्याळजी होता; दोन वर्षांपासून त्या हाताची बोटं आखडून मिटली होती, उघडत नव्हती. आज अकराला शस्त्रक्रिया. वेळ चुकली तर पुढची तारीख सात महिन्यांनी.

"दोन पास. तीन दिवसांचे, सगळ्या मार्गांचे," बाई म्हणाल्या.

खिडकीतल्या म्हाताऱ्याने मान वर केली. "बंद झालेल्या मार्गांचेही?"

बाईंना ती थट्टा वाटली. "सगळ्या म्हणजे सगळ्या. काही सोडू नका."

बस पुलाअलीकडे अडकली ती हलेचना. दोघं उतरून पुढच्या थांब्यावर धावली. दहा वाजून वीस मिनिटं. भाऊ म्हणाला, "ताई, राहू दे. नशिबातच नाही."

"गप्प बस," बाई म्हणाल्या, आणि समोर ट्राम येऊन थांबली.

डांबरात रूळ नव्हते, हे बाईंनी नीट पाहिलं. थांब्यावरच्या कोणीही मान वळवली नाही. पण दार उघडलं होतं, आणि अकरा वाजायला चाळीस मिनिटं उरली होती. बाईंनी भावाला वर ढकललं.

आत गार लोखंडाचा वास. बाकांवर माणसं दाटीने बसलेली, स्वच्छ कपड्यांत, गुडघे जुळवून. सगळी भावाच्या मुठीकडे बघत होती. कंडक्टरने पास उलटसुलट करून पाहिले.

"कुठे?"

"मोठ्या इस्पितळात. अकराच्या आत."

तो हसला. कुणाला तरी विचारल्यासारखी त्याने बाकांवरून नजर फिरवली. सगळ्यांनी मान डोलावली.

ट्राम कुठेच थांबली नाही. इस्पितळाच्या फाटकाशी फक्त ही दोघं उतरली. बाईंच्या घड्याळात दहा एकवीस झाले होते.

"बंद पडलंय वाटतं," त्या पुटपुटल्या.

भावाने घड्याळ कानाला लावलं. त्याचा चेहरा उतरला. "नाही, ताई. बरोबर चाललंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. "हळूहळू उघडा."

करंगळी हलली. मग शेजारचं बोट. मग सगळा पंजा फुलासारखा उमलला. भावाने बहिणीच्या मनगटावरचं घड्याळ काढलं, चावी चिमटीत धरली आणि कुर्र कुर्र पिळली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "जमलं! ताई, जमलं गं!"

बाहेरच्या व्हरांड्यात टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. बाईही हसत होत्या, रडत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे पाहिलं. "एवढी माणसं आणलीत बरोबर?"

बाईंनी दार उघडलं.

व्हरांडा रिकामा होता. भिंतीलगतचा लांबलचक दगडी बाकही.

त्यांनी त्यावर हात ठेवला.

या टोकापासून त्या टोकापर्यंत दगड ऊबदार होता.