गाइडला गाव दाखवताना

"तुमच्या डाव्या हाताला, मंडळी, या शहरातली सर्वांत जुनी टांकसाळ! इथेच राजाची सोन्याची नाणी पाडली जात..."

आम्ही सगळ्यांनी डावीकडे माना वळवल्या. डावीकडे लाँड्री होती. दारातल्या दोरीवर ओळीनं पँटी लटकत होत्या आणि एक गृहस्थ लाँड्रीवाल्याशी तावातावानं भांडत होते. माझ्या पुढच्या बाकावरच्या आजोबांनी मन लावून फोटो काढला. आजींनी विचारलं, "सोनं आतल्या खोलीत ठेवत असतील का हो?"

बस उघड्या छताची होती, मी वरच्या मजल्यावर बसले होते आणि गाइड आमच्याकडे तोंड करून उभा होता. एका हातात माइक, दुसऱ्या हातानं कठडा घट्ट धरलेला. उंच, किडकिडीत, वाऱ्यानं केसांचा पार झाडू झालेला. आवाज मात्र असा गोड, की समोर लाँड्री दिसत असूनही नाणी खणखणल्यासारखी वाटावीत.

पुढच्या चौकात त्यानं डावीकडे एका महाकवीचं जन्मस्थान दाखवलं. तिथे दातांचा दवाखाना होता.

"फार सोसलं असेल बिचाऱ्यानं," आजोबा कळवळून म्हणाले.

मला हसू आवरेना. ते लपवायला मी तोंड उजवीकडे फिरवलं, तर तिकडे एक जुनं कौलारू घर, भिंतीत दगडी पाटी आणि पाटीवर कवीचा दाढीवाला चेहरा! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाइडचं तोंड आमच्याकडे. म्हणजे त्याचं डावं ते आमचं उजवं. आणि हा पठ्ठ्या सगळं शहर स्वतःच्या हातानं मोजून आम्हाला दाखवत होता.

मी पुन्हा डावीकडे वळून बसले. खरं सांगू? इतकी मजेदार सहल मी आजवर केली नव्हती, आणि मला ती मोडायची नव्हती.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. मी बसूनच राहिले.

"मॅडम, फेरी संपली."

"हो, कळलं. एक शंका होती... महाकवी दाढदुखीवर कविता करायचे का?"

तो गोंधळला. मग मी त्याला हात धरून— नाही, हात नव्हता धरला. धरावासा वाटला होता एवढंच— माझ्या शेजारी उभं केलं आणि बाजूला दिसणारं घड्याळाच्या मनोऱ्याचं टोक दाखवलं. "हे आता तुमच्या कुठल्या हाताला?" मग त्याला उलटं फिरवलं. "आणि आता?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे... टांकसाळ?"

"लाँड्री."

"संगमरवरी कारंजं?"

"पेट्रोल पंप."

"ग्रंथालय तरी...?"

"रिकामा प्लॉट. तुम्ही म्हणालात इथे लाखभर दुर्मीळ पुस्तकं आहेत. आजींनी हात जोडले."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि माझ्या पुढच्या बाकावर धपकन बसला. "घरी कपाटासमोर उभा राहून पाठ केलंय हो! कपाट म्हणजे टांकसाळ, टेबल म्हणजे ग्रंथालय. लोकांकडे तोंड करून बोलायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही."

खालून हाक आली, "ए पोपट! उतर आता, गाडी धुवायची आहे."

"ड्रायव्हर माझा मोठा भाऊ," तो ओशाळून म्हणाला. "रात्रंदिवस पाठांतर करत होतो ना, म्हणून घरात पोपट म्हणतात."

"आज तर झालाच की तुमचा!"

"हसा, हसा. माझी पहिलीच फेरी होती. तुम्ही तक्रार केलीत तर शेवटचीही."

"तक्रार कशाला? उद्या मी परत येणार आहे."

"का?"

"उजवी बाजू बघायची राहिलीय."

तो हसला. आणि त्याच्या हसण्यानंतर मी उतरताना पायरी चुकले, ही गोष्ट मी अजून त्याला सांगितलेली नाही.

मी चष्म्याच्या कंपनीत आहे. कुठे नवं दुकान निघालं की डोळे तपासायचं यंत्र बसवायला आणि तिथल्या नव्या मुलींना ते शिकवायला मला पाठवतात. दोन-तीन आठवडे मुक्काम, मग पुढचं गाव. मैत्रिणी म्हणतात, बाई गं, कशी जगतेस बॅगेवर? मला त्यांची कीव येते. अनोळखी खोलीत पहिल्या सकाळी जाग येते आणि आपण कुठे आहोत हे क्षणभर आठवतच नाही, त्यासारखं सुख नाही. खिडकी उघडायची... कुणाच्या तरी दुकानाचं शटर वर जात असतं, कुणीतरी कुणाला तरी ओरडत असतं, पावाच्या भट्टीचा वास येत असतो, आणि या सगळ्यांत आपल्याला ओळखणारं कुणीही नसतं! मग चपला घालायच्या आणि निघायचं. मुद्दाम रस्ता चुकायचा. नकाशा पर्समध्येच ठेवायचा. प्रत्येक गल्लीच्या वळणावर माझ्या पोटात अजूनही गुदगुल्या होतात, आणि त्या थांबल्या तर मी म्हातारी झाले असं समजावं.

घरी हे फक्त माझ्या आत्याला कळतं, आणि नेमकी तीच माझी स्थळं बघते. आजवर बरीच मुलं बघून झाली. बरी होती सगळी, हसतमुख, नोकरीतली. फक्त चहा संपत आला की प्रत्येकजण एकच प्रश्न विचारायचा— "लग्नानंतर हे हिंडणं बंद ना?" त्यावर मी म्हणायचे, "बिस्कीट घ्या ना." आत्या ओळखायची आणि उठायची.

मी दुसऱ्या दिवशी बसवर गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. दुकानाचं काम आटोपलं की माझे पाय आपोआप त्या थांब्याकडे वळायचे. आता टांकसाळ टांकसाळीच्या जागी होती, कवी स्वतःच्या घरात जन्मला होता, आणि तरी प्रत्येक वाक्यानंतर गाइडची नजर चोरून माझ्याकडे यायची... बरोबर ना? मी हळूच मान हलवायचे. कधी मुद्दाम भुवया उंचावल्या की तो बोलता बोलता अडखळायचा आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा. तिकिटंही त्याचा ड्रायव्हर भाऊच द्यायचा, पण तो आता माझं तिकीट फाडतच नव्हता.

"तुमची सीट ठेवलीय, वर जा," तो म्हणायचा. "आणि जरा कमी हसा. पोरगं घरी नीट जेवत नाही."

सुट्टीच्या दिवशी गाइड म्हणाला, "चला, आज मी तुम्हाला बसशिवाय शहर दाखवतो."

तो मला टांकसाळीकडे घेऊन निघाला. मी म्हटलं, "ती पाठ झाली. हिच्या मागं काय आहे?"

"मागं?" तो थबकला. "मागं... मागं काही नसेल."

"जन्म इथलाच ना तुमचा?"

"हो. पण बस मागून जात नाही."

मग मीच पुढं झाले. टांकसाळीच्या मागं एक अरुंद बोळ होता, त्यात पुतळे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. फळीवर ओळीनं दगडी नाकं मांडलेली. सरळ, बाकदार, फेंदारलेली. गाइड हरखूनच गेला. दुकानदाराची परवानगी घेऊन त्यानं एकेक नाक हातात घेऊन पाहिलं. पुढं एका वाद्यवाल्याच्या अंगणात नुकती रंगवलेली व्हायोलिनं कपड्यांसारखी दोरीवर टांगून वाळत घातली होती. त्याच्या पुढं एक जिना दोन घरांमधून वर वर जात होता. कुठे जातो हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून मी चढले. तो धापा टाकत मागून आला.

वर पाण्याची जुनी टाकी होती, आणि टाकीच्या गच्चीवरून सगळं शहर दिसत होतं. नदीचं रुंद वळण, पुलावरून सरकणाऱ्या बस, एकमेकींना खेटलेली लाल छपरं आणि त्या सगळ्यांवर संध्याकाळचं तांबूस ऊन.

"माझं गाव एवढं देखणं आहे?" तो पुटपुटला.

तेवढ्यात पावसाची सर आली. आम्ही टाकीच्या कमानीखाली पळालो. जागा एकापुरतीच होती. त्याच्या बाहीचा ओला गारवा माझ्या दंडाला लागत होता आणि दोघांपैकी कुणीही बाजूला सरकत नव्हतं.

"एक विचारू?" तो म्हणाला.

आता तोच प्रश्न येणार. याच्याकडून तरी नको रे देवा...

"विचारा."

"दुसऱ्या गावांतही असे बोळ असतात?"

आणि मग मी सांगत सुटले. जिथे सगळी दारं निळी आहेत ते गाव, जिथे केशकर्तनालयात बुद्धिबळ चालतं ते गाव, जिथे मी रस्ता चुकून थेट कुणाच्या तरी साखरपुड्यात पोचले आणि फोटोतही आले ते गाव. तो गालावर हात ठेवून ऐकत होता. सर कधी थांबली ते कळलं नाही. खाली उतरताना तो "तुम्ही"वरून "तू"वर आला होता, आणि मीही.

मी त्याच्या प्रेमात पडले होते. आडवळणानं कशाला सांगू?

मुक्काम संपत आला तेव्हा साहेबांचा फोन आला. दुकान छान चाललंय, इथल्या शाखेला कायमची प्रमुख हवी आहे, जागा तुलाच देतो. फिरती बंद, घर कंपनीचं, उद्या सकाळपर्यंत कळव. महिन्यापूर्वी मी हसून फोन ठेवला असता. आता मी खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. राहिले तर हा रोज भेटेल. राहिले तर ती पहिली सकाळ पुन्हा कधी नाही, पुढचं गाव नाही. आजवर ज्या प्रश्नाला बिस्कीट पुढं केलं, त्याचं उत्तर आता मी स्वतःच द्यायला निघाले होते... आणि मला रडू येत होतं.

संध्याकाळी शेवटच्या फेरीनंतर बस रिकामी झाली. आम्ही वरच बसलो होतो. भाऊ खाली काचा पुसत होता.

"मला इथेच कायमची नोकरी देतायत," मी एका दमात सांगून टाकलं. "घेतेय मी. हिंडणं बंद."

त्याचा चेहरा उजळला. अगदी लख्ख. आणि मग, मी बघता बघता, तो उतरला.

"नको घेऊस," तो म्हणाला.

"काय?"

"नको घेऊस ती नोकरी."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बरं. कळलं. माझाच गैरसमज झाला." मी पर्स उचलली.

"ए, थांब! पूर्ण ऐकून तरी घे—" तो बाकावरून उडी मारून माझ्या वाटेत उभा राहिला. माइक त्याच्या हातात नव्हता, पाठ केलेलं काही नव्हतं, आणि त्याला शब्दच सापडेनात. "तू... तू टाकीवर बोलत होतीस ना, त्या निळ्या दारांचं... तेव्हा मी ठरवलं. म्हणजे मला कळलं. मी तुझ्यावर प्रेम करतो. पण ती जी बोळात शिरताना अशी पाय उचलते ना, भराभर, तिच्यावर. ती माझ्यासाठी दुकानात बसली, तर वर्षभरात तीही माझ्या वहिनीसारखी म्हणेल, काय ठेवलंय या गावात. आणि ते माझ्यामुळे झालेलं असेल. मला नाही जमणार ते बघायला."

"मग तू काय करणार? मी तर जाणार."

"जा ना. मी कुठे जातोय? मी इथेच आहे. दोन गावांच्या मधे इकडे येत जा. आणि माझी रजा असली की... मला ने. मी आजवर या शहराची हद्द ओलांडलेली नाही, तुला माहितीय?"

मी हसत होते की रडत होते, कुणास ठाऊक. "लोक काय म्हणतील? बायको तिकडे, नवरा इकडे?"

"बायको?" त्यानं तोच शब्द पकडला. कानाच्या पाळ्या लाल.

खालून भाऊ ओरडला, "हो म्हण गं बाई! मला घरी जायचंय."

मी त्याच्यासमोरच साहेबांना फोन लावला. जागा नको म्हणाले. फिरतीच द्या, फक्त दोन गावांच्या मधे चार दिवस सुट्टी द्या. साहेब थोडे कुरकुरले आणि कबूल झाले. मग मी आत्याला फोन लावला.

"आत्या, मुलगा सापडला."

"अगं बाई! काय करतो?"

"लोकांना गाव दाखवतो."

"आणि तुझं हिंडणं?" आत्याचा आवाज एकदम सावध झाला. "बंद करायला सांगतोय?"

"मी बंद करत होते. तो करू देत नाहीये."

मग आत्या म्हणाली, "फोन दे त्याच्याकडे. मलाच त्याला चहाला बोलवायचंय."

दोन दिवसांनी तो मला स्टेशनवर सोडायला आला. गाडी पुढच्या गावाला निघाली होती. तिथे समुद्र आहे म्हणतात, आणि उताराच्या रस्त्यांवरून ट्राम चालतात. माझ्या पोटात त्याच त्या ओळखीच्या गुदगुल्या होत होत्या. तो खिडकीच्या गजाला धरून गाडीबरोबर चालू लागला.

"पोचलीस की फोन कर. काय काय बघितलंस, सगळं सांग."

"आणि तू काय सांगशील?"

"मी?" गाडीनं वेग घेतला, तो आता पळायलाच लागला होता. "मी रोज एक नवा बोळ बघून ठेवीन!"

एवढी गावं फिरले, पण कुठल्याही गावी परत जावंसं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी गाडी पूल ओलांडत होती आणि मी डबाभर लोकांना विचारत सुटले होते, "अहो, परतीची गाडी किती वाजता असते?"